कोडीसाठी स्टिक रूट करावी का?

गेल्या महिन्यात 'मालकी' या विषयावर बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. विचारणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे. म्हणाले, "सर, टीव्हीला लावायची स्टिक घेतली आहे. तिच्यावर कोडी टाकायचं आहे. मुलगा म्हणतो रूट करा, जावई म्हणतात अजिबात करू नका. तुमचं मत काय?" सभागृहात हशा झाला. वेळ संपत आली होती, तेव्हा "पुढच्या वेळी बघू" म्हणून आम्ही सुटका करून घेतली.

घरी जाताना मात्र वाटत राहिलं, की तासभर आपण मालकीवर जे काही बोललो, त्याची खरी परीक्षा घेणारा तोच एक प्रश्न होता. तो आपण हसण्यावारी नेला. म्हणून आज त्याचीच चिकित्सा करायची. मुलगा काय म्हणतो आणि जावई काय म्हणतात, दोघांचे युक्तिवाद तपासायचे. आणि मुख्य म्हणजे प्रश्नच नीट विचारला गेलाय का, ते पाहायचं.

आमचा या विषयाशी संबंध कसा आला तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे कुठून शिकले. आमच्या अभ्यासमंडळाकडे जुन्या व्याख्यानांच्या दोन खोकी भरून कॅसेटी होत्या. आमच्या गुरुजनांचे आवाज आहेत त्यांत. त्या आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या, एका हार्ड डिस्कवर ठेवल्या. आता ऐकायच्या कशा? मंडळातले अण्णा 88 वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय, तरी लॅपटॉपवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. टीव्हीचा पडदा दिसतो. रिमोटची बटणं बोटांना ठाऊक आहेत. तेव्हा टीव्हीवरच काहीतरी हवं होतं. त्या शोधात कोडी सापडलं.

कोडी म्हणजे काय, तर आपल्याजवळ असलेली गाणी, व्याख्यानं, चित्रपट, छायाचित्रं नीट मांडून टीव्हीवर दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर. ते स्वतः काहीही पुरवत नाही. रिकामं कपाट आहे ते. कपाटात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. घरातल्या दुसऱ्या संगणकावर फाइल असेल तर वाय-फायवरून तीही आणून लावतं. आम्ही व्याख्यात्यांची नावं देवनागरीत घातली, वर्ष घातलं, विषय घातला. मोठ्या अक्षरात सगळी यादी पडद्यावर. अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे आमचं वाचनालय झालं."

आता 'रूट'. या शब्दाचा बाऊ फार झाला आहे. जुना वाडा आठवा. दहा बिऱ्हाडं, प्रत्येकाची खोली वेगळी, किल्ली वेगळी. एका बिऱ्हाडानं दुसऱ्याच्या खोलीत जायचं नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप हे असं एक बिऱ्हाड असतं. आतून ती लिनक्सची व्यवस्था आहे, आणि प्रत्येक अ‍ॅपला तिथे स्वतंत्र वापरकर्ता मानून वेगळा क्रमांक दिलेला असतो. सगळ्या खोल्यांत जाऊ शकणारा, भिंतीसुद्धा पाडू शकणारा वापरकर्ता एकच. त्याचं नाव रूट, त्याचा क्रमांक 0. ही रीत युनिक्सपासूनची, म्हणजे पन्नासएक वर्षांची. स्टिक विकत घेणाऱ्याच्या हाती ती किल्ली येत नाही. वाडा तुम्ही विकत घेतलात, पण बांधणारा मुख्य किल्ली घेऊन गेला, आणि तुम्ही आपल्याच वाड्यात एका बिऱ्हाडाचे धनी. रूट करणं म्हणजे ती मुख्य किल्ली मिळवणं.

आता पहिली गोष्ट, जी मुलगाही सांगत नाही आणि जावईही सांगत नाहीत. कोडी चालवायला ही किल्ली लागतच नाही. कोडी हेही एक साधं बिऱ्हाड आहे. गूगलच्या अँड्रॉइड टीव्हीवर ते गूगलच्या प्ले स्टोअरमध्येच मिळतं, इतर अ‍ॅपसारखं उतरवून घ्यायचं. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीवर थोडी वळणाची वाट आहे, कारण अ‍ॅमेझॉननं 2015 साली चाचेगिरीचं कारण देऊन ते आपल्या दुकानातून काढून टाकलं. तरीही अँड्रॉइडवर आधारलेल्या फायर टीव्हीत एक सेटिंग असतं, 'अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप बसवू द्यावं का'. ते चालू केलं की कोडी बाहेरून आणून बसवता येतं. याला साइडलोड म्हणतात. दाराला आतून कडी आहे, ती काढायची. कुलूप फोडायचं नाही.

म्हणजे प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. साइडलोड वेगळं, रूट वेगळं. आणि तिसरी गोष्ट त्यांच्यात घुसडली जाते ती म्हणजे फुकटचे चित्रपट. तर्कशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, की दोन गोष्टी नेहमी बरोबर दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. कोडी टाकणारी काही मंडळी रूटही करतात, म्हणून कोडीसाठी रूट हवं, हा निष्कर्ष निघत नाही. त्याच न्यायानं, काही मंडळी कोडीवर चोरलेले चित्रपट पाहतात म्हणून कोडी हे चोरीचं साधन, हाही निघत नाही. मुलाची चूक पहिली, जावयांची दुसरी.

पण मुलाच्या बाजूनं इतिहासातला एक पुरावा आहे, आणि तो दडवणं बरोबर नाही. कोडीचं आधीचं नाव एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर. 2014 साली नाव बदललं. जन्म झाला मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर, 2002 च्या सुमारास. एक्सबॉक्स हे खेळ खेळायचं यंत्र. मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवायचा कोणताही कार्यक्रम त्यावर चालत नसे. एक्सबीएमसी चालवायचं तर यंत्रात वेगळी चिप बसवावी लागे, किंवा सॉफ्टवेअरमधली फट शोधून कुलूप बाजूला करावं लागे. शिवाय ते मायक्रोसॉफ्टच्या विकसन-साहित्यावर बांधलेलं होतं, त्यामुळे त्या मंडळींना तयार कार्यक्रम उघडपणे वाटता येत नसे. ते फक्त मूळ कोड प्रसिद्ध करत. म्हणजे आज आमचे अण्णा ज्यावर व्याख्यानं ऐकतात, ते कपाट मुळात कुलूप उघडल्याशिवाय उभंच राहिलं नसतं. 'कुलपाला हात लावू नये' हे वाक्य सरसकट खरं मानलं, तर कोडीच नसतं. जावयांनी याचं उत्तर द्यायला हवं.

मग रूट केल्यानं नेमकं मिळतं काय? कंपनीनं आधीच भरून दिलेली अ‍ॅप कायमची काढता येतात. सुरू होताच जाहिरातींचा पडदा दिसण्याऐवजी थेट कोडी उघडेल अशी पक्की व्यवस्था करता येते. अपडेट रोखता येतात. जाहिरातींचे पत्ते यंत्राच्या पातळीवर बंद करता येतात. यातली सुरुवातीच्या पडद्याची गोष्ट आम्ही क्षुल्लक मानत नाही. अण्णा रिमोटचं बटण दाबतात तेव्हा त्यांना हवं असतं व्याख्यान. समोर येतं काय, तर मारामारीचा चित्रपट, डिटर्जंट, आणि कुठल्याशा मालिकेतली रडणारी बाई. त्या गर्दीतून कोडीचं छोटं चित्र शोधायला त्यांना मिनिट-दोन मिनिटं लागतात, कधी चुकून भलतंच सुरू होतं. स्टिकचे पैसे त्यांनी दिलेत, वीज त्यांची, टीव्ही त्यांचा. पहिलं काय दिसावं हे ठरवतो दुसराच कुणी. मुलगा जेव्हा म्हणतो "माझी वस्तू आहे, मी काहीही करीन," तेव्हा त्याच्या रागाच्या तळाशी हे आहे.

'माझी वस्तू' या शब्दांपाशी थोडं थांबू, कारण आमचा मूळ धंदा तिथे आहे. आपल्याकडे स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा, विचार धर्मशास्त्रकारांनी आणि नैयायिकांनी फार बारकाईनं केला. वारसाहक्काच्या कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत 'मिताक्षरा' हे नाव वकिलाच्या तोंडून ऐकलेलं असतं. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली. त्यात तो प्रश्न घेतो: स्वत्व शास्त्रानं कळतं की लोकव्यवहारानं? त्याचं उत्तर आहे, लोकव्यवहारानं. कारण ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे सीमेवरचे लोकसुद्धा वस्तू विकतात, विकत घेतात. म्हणजे 'हे माझं' हा व्यवहार शास्त्राआधीचा आहे.

यावर आक्षेप येतो. लोकव्यवहारच प्रमाण, तर मग चोराच्या हातातली वस्तू चोराचीच म्हणायची का? विज्ञानेश्वराला हा आक्षेप ठाऊक आहे. हातात आहे म्हणून आपली, असं खुद्द लोकही मानत नाहीत, हे त्याच्या उत्तराचं सार. ज्यांना रूट करून फुकट चित्रपट पाहायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. स्टिक तुमची आहे म्हणून स्टिकवर येणारा चित्रपट तुमचा होत नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये युरोपीय न्यायालयानं 'फिल्मस्पेलर' खटल्यात जवळपास हाच भेद केला. नेदरलँड्समध्ये एक व्यापारी मुक्त प्लेयर सॉफ्टवेअर असलेल्या पेट्या विकत होता, आणि त्यांत अनधिकृत चित्रपटांकडे नेणाऱ्या जोडण्या आधीच भरून ठेवत होता. न्यायालयानं बोट ठेवलं ते या भरून विकण्यावर.

आता मुलाच्या बाजूकडे येऊ. नव्यन्यायात स्वत्वाची एक व्याख्या चर्चेला येते, 'यथेष्टविनियोगयोग्यत्व'. वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरली जाण्यास योग्य असणं, म्हणजे ती आपली असणं. रघुनाथ शिरोमणीला ही व्याख्या पटली नाही. त्याच्या मते स्वत्व हा स्वतंत्रच पदार्थ आहे. त्या वादात आज शिरत नाही. आम्हाला त्या समासातला शेवटचा शब्द हवा आहे, योग्यत्व. व्याख्या असं म्हणत नाही, की तुम्ही वस्तू प्रत्यक्षात मनाला येईल तशी वापरली पाहिजे. तुमच्या कपाटातलं पुस्तक तुम्ही वीस वर्षं उघडलं नाही तरी ते तुमचंच. तशी वापरता येणं शिल्लक हवं.

आता हा शब्द स्टिकला लावून बघा. खरा प्रश्न 'रूट करावं का' हा राहत नाही. 'रूट करता येईल अशी ती ठेवली आहे का' हा होतो. स्टिकचा मालक रूट न करता सुखानं राहू शकतो. पण मालकानं हवं तेव्हा मुख्य किल्ली मागावी आणि त्याला ती मिळावी, अशी सोयच नसेल, तर दुकानदारानं दिलेल्या पावतीवर 'विक्री' हा शब्द कशाला?

हा वाद नवा नाही. अमेरिकेत 1999 साली टिवो नावाचं टीव्हीचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारं यंत्र आलं. आत लिनक्स. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कोड सर्वांना खुला होता. पण तो बदलून परत त्याच यंत्रात घातला, तर यंत्र सही तपासायचं आणि चालायला नकार द्यायचं. पाकक्रिया दिली, पण चुलीला कुलूप. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी याला 'टिवोआयझेशन' असं नावच दिलं, आणि 2007 च्या जीपीएल तिसऱ्या आवृत्तीत अट घातली, की घरगुती यंत्रात असं सॉफ्टवेअर दिलंत तर बदललेलं सॉफ्टवेअर बसवायला लागणारी माहितीही द्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ही अट मान्य झाली नाही. त्यांनी लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही सॉफ्टवेअर देतो, यंत्र कसं असावं हे सांगणं आमचं काम नाही. भूमिका सुसंगत आहे हे मान्य. पण तिचा परिणाम आज आपल्या टीव्हीमागे लटकतो आहे. स्टिकच्या आत लिनक्सचा गाभा, आणि बाहेर कुलूप.

इथवर आम्ही मुलाच्या बाजूनं बोललो. आता जावयांचा युक्तिवाद, सुरक्षेचा. 'कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे' हे वाक्य आम्हाला सहसा आवडत नाही. सत्तर वर्षांत ते आम्ही फार जणांकडून ऐकलंय. पण या ठिकाणी त्यात तथ्य आहे, आणि ते वेगळ्याच ठिकाणी आहे.

रूट दोन प्रकारांनी मिळतं. एक, कंपनी स्वतःच अधिकृत वाट ठेवते. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये अशी वाट राहिली आहे. तुम्ही सेटिंग बदलायचं, बूटलोडर उघडायचा, फोन आधीची सगळी माहिती पुसून टाकतो, म्हणजे चोरानं फोन उघडला तरी तुमची माहिती त्याच्या हाती लागू नये, आणि मग पुढे तुमची जबाबदारी. हा झाला अधिकार. दुसरा प्रकार, कंपनी वाट ठेवत नाही, मग कुणीतरी सॉफ्टवेअरमधली फट शोधतो आणि तिच्यातून आत शिरतो. टीव्हीच्या बहुतेक स्टिकचं रूट हे या दुसऱ्या प्रकारचं असतं.

फटीतून मिळालेल्या स्वातंत्र्याचा स्वभाव बघा. पुढच्या अपडेटमध्ये कंपनी ती फट बुजवते. रूट टिकवायचं तर अपडेट घ्यायचं नाही. अपडेट घेतलं नाही, तर त्यानंतर सापडलेल्या इतर फटीही उघड्याच राहतात. म्हणजे आपली मोकळीक राखायला आपलंच दार मोडकं ठेवायचं. त्यात भर अशी, की एका कळीत रूट करून देणारी कितीतरी अ‍ॅप अशी आहेत, की त्यांचा मूळ कोड कुणी पाहिलेला नाही. वाड्याची मुख्य किल्ली पहिल्यांदा जाते ती त्या अ‍ॅपच्या हातात. तुमच्याकडे येते नंतर. कुलपवाला कोण हे विचारल्याशिवाय आपण घराचं कुलूप उघडून घेऊ का? आणि ज्या वाय-फायवर ही स्टिक, त्याच वाय-फायवर आपण बँकेचं काम करतो, पेन्शन पाहतो.

भीती कल्पनेतली नाही. 2018 साली एडीबी.मायनर नावाचा किडा पसरला. अँड्रॉइडमध्ये विकसकांसाठी एडीबी नावाचं मागचं दार असतं. ते नेटवर्कवरून उघडं राहिलेल्या यंत्रांत हा शिरायचा आणि त्यांच्या शक्तीवर आभासी चलन खणत बसायचा. फायर टीव्हीच्या स्टिकही त्यात सापडल्या. यंत्र तापायचं, व्हिडिओ अडकायचा, पडद्यावर 'टेस्ट' नावाचं अनोळखी अ‍ॅप दिसायचं. लक्षात घ्या, यासाठी रूटही लागलं नव्हतं. साइडलोडसाठी उघडलेली कडी परत लावायची राहिली, एवढं पुरलं. कोडी बसवून झालं की ती कडी लावा, हे आमचं सांगणं.

आणखी एक किंमत आहे. पैसे भरून पाहायच्या ओटीटी सेवा यंत्र कितपत विश्वासाचं हे तपासतात. गूगलची वाइडवाइन नावाची व्यवस्था आहे. तिच्या वरच्या पातळीवर चित्र उलगडण्याचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं, खालच्या पातळीवर साध्या सॉफ्टवेअरमध्ये. अनेक सेवा वरच्या पातळीलाच स्पष्ट चित्र देतात. बूटलोडर उघडला की काही यंत्रं खालच्या पातळीवर घसरतात, आणि मोठ्या पडद्यावर धूसर चित्र. 2017 मध्ये नेटफ्लिक्सनं गूगलच्या तपासणीत न उतरणाऱ्या, म्हणजे रूट केलेल्यासुद्धा, यंत्रांना प्ले स्टोअरमधून आपलं अ‍ॅप देणं थांबवलं. याला आम्ही अन्याय म्हणावं का? सिनेमावाल्यांची मागणी समजते. पण रूट करणारा प्रत्येकजण चोर, हे गृहीत धरून सगळ्यांनाच शिक्षा. परीक्षेत एकानं कॉपी केली म्हणून वर्गाला नापास करण्यासारखं आहे हे.

कायद्यानं या बाबतीत कंपन्यांपेक्षा जास्त विवेक दाखवला, हे सांगताना आम्हालाच नवल वाटतं. अमेरिकेत 1998 च्या डीएमसीए कायद्यानं डिजिटल कुलपं उघडायला बंदी घातली, पण दर तीन वर्षांनी सवलतींचा फेरविचार होतो. 2010 साली फोनला सवलत मिळाली, 2015 साली स्मार्ट टीव्हीला, आणि 2021 साली टीव्हीला बाहेरून जोडायच्या स्ट्रीमिंग यंत्रांनाही. अट अशी, की रीतसर मिळवलेलं सॉफ्टवेअर चालवण्यासाठीच, चित्रपट चोरण्यासाठी नव्हे. यात एक विनोद आहे. सवलत कुलूप उघडण्याच्या कृतीला आहे, उघडायचं हत्यार बनवून विकायला नाही. म्हणजे दार उघडा म्हणतात, पण किल्ली करणाऱ्याला पकडतात. (हशा)

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 65अ हे कलम आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कुणाला? हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षक कुलूप मोडणाऱ्याला. हेतू हा शब्द तिथे स्पष्ट आहे, आणि कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी केलेल्या गोष्टींना त्याच कलमात वाट ठेवली आहे. नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला यापेक्षा काय हवं? आपल्या गुरूंच्या कॅसेटी ऐकण्यासाठी आपलीच स्टिक उघडणारा आणि चोरीचा चित्रपट विकणारा, हे दोघे एका पिंजऱ्यात उभे करता येत नाहीत.

एवढं ज्ञान असूनही आम्ही काय केलं? सांगतो, लपवत नाही. आमच्या मंडळातल्या दोघांनी आणि आम्ही मिळून एक जुनी स्टिक रूट करायला घेतली. कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता, आमचा होता. कोडी आधीच चालत होतं! फक्त तो जाहिरातींचा पडदा घालवायचा होता. सूचनांचा कागद दुसऱ्याच आवृत्तीच्या स्टिकसाठी होता, हे आम्ही पाहिलं नाही. रात्री साडेदहाला पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं ते तिथेच राहिलं. सकाळीही तेच. स्टिक मेली. व्याख्यानं हार्ड डिस्कवर सुखरूप होती, पण पुढचे दोन आठवडे अण्णांना ती ऐकता आली नाहीत. त्यांनी एकदाही दोष दिला नाही, फक्त एकदा विचारलं, "अरे, ते लागत होतं ना नीट?" लागत होतं. हो.

त्यानंतर आम्ही रास्पबेरी पाय घेतला. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, 2012 मध्ये इंग्लंडात निघाला. त्यावर लिब्रेइलेक घातलं. ही केवळ कोडी चालवण्यासाठी केलेली छोटी लिनक्स. बटण दाबलं की थेट कोडी. जाहिरात नाही. आणि रूट? ते पहिल्या दिवसापासून तुमचं. पासवर्ड घाला आणि आत जा. गंमत अशी, की त्यातला व्यवस्थेचा मुख्य भाग लिहिता न येण्यासारखा बंद ठेवलेला असतो, म्हणजे मालकाच्याही हातून सहज बिघडू नये. कुलूप इथेही आहे. पण ते मालकाला ठाऊक आहे आणि त्याच्या सोयीसाठी आहे. सुरक्षेच्या कुलपाला आमचा विरोध नव्हताच. तोटा एवढाच, की पैसे भरून पाहायच्या ओटीटी सेवा त्यावर नीट चालत नाहीत. अण्णांना त्या नको होत्या. ज्यांना हव्यात, त्यांनी पाय घेऊ नये, किंवा दोन्ही ठेवावं.

आता शेवटचं. 2025 च्या सप्टेंबरअखेर अ‍ॅमेझॉननं वेगा नावाची नवी व्यवस्था असलेली स्टिक जाहीर केली. आत लिनक्सच आहे, पण अँड्रॉइड नाही, आणि सामान्य ग्राहकाला बाहेरची अ‍ॅप आणून बसवण्याची ती कडीच त्यात ठेवलेली नाही. म्हणजे इतका वेळ आम्ही 'कोडीला रूट लागत नाही' असं जे ठासून सांगितलं, ते अशा स्टिकला लागू पडत नाही. दुकानात कोडी नाही, बाहेरून आणायची सोय नाही, आणि अँड्रॉइड नसल्यामुळे अँड्रॉइडचं कोडी तसंच्या तसं चालणारही नाही. साइडलोडची कडी होती तोवर योग्यत्व थोडं तरी शिल्लक होतं. म्हणून हा प्रश्न स्टिक घरी आणून खोकं फोडल्यावर विचारायचा राहिला नाही. दुकानातच, पैसे देण्याआधी विचारायचा: यावर मला हवं ते सॉफ्टवेअर घालता येतं का, आणि कुणाच्या परवानगीनं?

प्रश्नकर्ते आज आलेत का? हां, आहात. तुमची स्टिक अँड्रॉइड टीव्हीची असेल तर प्ले स्टोअरमध्ये कोडी शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या पद्धतीची फायर स्टिक असेल तर साइडलोड करा आणि झाल्यावर ती सेटिंगं परत बंद करा. वेगावाली असेल, आणि परत करायची मुदत शिल्लक असेल, तर परत करा. रूट करू नका. मुलाला सांगा, त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण या कामासाठी नाही. आणि जावयांना सांगा... बरं, ते तुम्हीच ठरवा. आता प्रश्न घेऊ.